वापर-चाचण्यांचे रेकॉर्डिंग: ओपन सोर्स साधने कुठून आली, कुठे अडली

सॉफ्टवेअर लोकांना वापरायला जमते का, हे पाहण्याची सर्वांत भरवशाची रीत साधी आहे. वापरणाऱ्याला समोर बसवायचे, एक काम द्यायचे आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचे. आयबीएममधल्या क्लेटन लुइस यांनी १९८२ मध्ये ही पद्धत इंटरफेसच्या कामासाठी मांडली. पुढे एकतर्फी आरसे आणि व्हिडिओ कॅमेरे असलेल्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, पण त्या मोठ्या कंपन्यांनाच परवडत.

ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांसाठी उघडा असतो अशा प्रकल्पांची अडचण पैशापुरती नव्हती. डेव्हलपर जगभर विखुरलेले. आरशामागे बसणार कोण? सन मायक्रोसिस्टिम्सने २००१ मध्ये ग्नोम या ओपन सोर्स डेस्कटॉपची चाचणी घेतली आणि तिचा अहवाल ग्नोमच्या पुढच्या कामात उपयोगी पडला. तरी अहवालावर वाद घालता येतो. माणूस एकाच मेन्यूत तीनदा जाऊन रिकाम्या हाताने परततो, ते स्वतः पाहिल्यावर वाद उरत नाही. नोव्हेलने २००५ मध्ये ‘बेटर डेस्कटॉप’ उपक्रमात लिनक्स डेस्कटॉपच्या चाचण्यांचे व्हिडिओ सर्वांसाठी खुले केले, ते म्हणूनच मला मोलाचे वाटते.

रेकॉर्डिंगची साधने मात्र कंपन्यांच्या मालकीची, बंद कोडचीच होती. टेकस्मिथच्या मोरे या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीन, चेहरा, आवाज, क्लिक आणि निरीक्षकाच्या नोंदी एकाच कालरेषेवर येत, पण ते विंडोजपुरते. २००८ मध्ये आलेले सिल्व्हरबॅक मॅकपुरते. लिनक्सवर रेकॉर्डमायडेस्कटॉपसारखे स्क्रीन रेकॉर्डर होते. व्हिडिओ दाबून लहान करण्याची एच.२६४ ही प्रचलित पद्धत पेटंटांनी बांधलेली असल्यामुळे ते थिओरा हा मुक्त कोडेक, म्हणजे त्याच कामाची खुली पद्धत, वापरत.

चाचणीचे रेकॉर्डिंग साध्या स्क्रीन रेकॉर्डिंगपेक्षा अवघड का, हे इथे कळते. एन्कोडिंगच्या, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याच्या, भाराने संगणक मंदावला, तर माणूस अडखळला की यंत्र, हेच सांगता येत नाही. म्हणजे मोजमापच बिघडले. वेबकॅम, माइक आणि स्क्रीन आपापल्या घड्याळावर चालतात. लांब सत्रात ती थोडी जरी सरकली, तरी ‘हे काय झालं?’ हा उद्गार भलत्याच क्लिकवर जाऊन बसतो. मध्येच प्रोग्राम कोसळून फाइल गेली, तर सत्र पुन्हा घेऊन भागत नाही, कारण त्या माणसाची पहिली भेट एकदाच होते.

२०१२ मध्ये सुरू झालेल्या ओबीएस (ओपन ब्रॉडकास्टर सॉफ्टवेअर) या ओपन सोर्स साधनाने यातले बरेच सोडवले. ते आधी विंडोजवर होते, त्याची पुढची आवृत्ती ओबीएस स्टुडिओ लिनक्स आणि मॅकवरही आली. बनले थेट प्रक्षेपणासाठी, तरी स्क्रीनच्या कोपऱ्यात चेहरा ठेवणे त्यात सहज जमते आणि एमकेव्ही स्वरूपात नोंदवलेली फाइल मध्येच तुटली तरी बहुधा वाचते. पण कोणते काम कधी सुरू झाले, कुठे क्लिक पडला, निरीक्षकाने काय टिपले, याची त्याला खबर नसते. वेबपानांपुरती आरआरवेब या ओपन सोर्स साधनाने वेगळी वाट काढली: व्हिडिओऐवजी पानातले बदलच नोंदवायचे.

दरम्यान लिनक्सवर वेलँड ही प्रोग्रामच्या खिडक्या स्क्रीनवर दाखवण्याची नवी व्यवस्था आली. त्यात कोणत्याही प्रोग्रामला परस्पर स्क्रीन पाहता येत नाही की दुसऱ्या खिडकीतल्या कळा टिपता येत नाहीत. स्क्रीनसाठी पोर्टल (परवानगी विचारणारा दुवा) आणि पाइपवायर (चित्र-आवाज पोहोचवणारी सेवा) यांच्यामधून, वापरणाऱ्याची परवानगी घेऊन वाट मिळते. क्लिक टिपणे तेवढे सोपे राहिलेले नाही. मला हे बंधन रास्तच वाटते. चाचणीला बसलेला माणूस आपला चेहरा, आवाज आणि गोंधळ आपल्या हवाली करतो. ती फाइल परक्या सर्व्हरवर न जाता चाचणी घेणाऱ्याच्याच संगणकावर राहावी आणि त्या माणसाने सांगताच पुसता यावी, हे ज्याचा कोड उघडा आहे अशा साधनातच कोणालाही तपासून पाहता येते.