बेरियमचा घोट आणि पाच आकडी कोड

अमेरिकेतल्या एखाद्या रुग्णालयात रुग्ण बेरियमचा पेला संपवतो. काही तासांनी त्याच तपासणीचा रिपोर्ट पुण्यात किंवा नवी मुंबईत मेडिकल कोडरच्या, म्हणजे बिलासाठी तपासणी आणि निदान ठरावीक कोडांत मांडणाऱ्याच्या, पडद्यावर उघडतो. रुग्ण कोडरला दिसत नाही आणि चित्रे वाचणे हे त्याचे काम नाही. रेडिओलॉजिस्टने लिहिलेले शब्द त्याच्यासमोर असतात आणि त्यांवरून कोड ठरतो. म्हणून पचनमार्गाच्या एक्स-रेचे कोडिंग करायचे, तर कोडांच्या यादीआधी ती तपासणी कशी होते हे नीट समजून घ्यायला हवे.

साध्या एक्स-रेत अन्ननलिका, जठर आणि आतडी आजूबाजूच्या मऊ भागांपासून वेगळी ओळखू येत नाहीत. बेरियम हे अणुक्रमांक ५६ चे जड मूलद्रव्य असल्याने क्ष-किरण अडवते आणि ज्या पोकळीत ते भरते तिचा आकार चित्रात उमटतो. बेरियमचे पाण्यात विरघळणारे क्षार विषारी असतात. बेरियम सल्फेट मात्र विरघळत नाही, रक्तात शोषले जात नाही आणि शौचावाटे निघून जाते.

तपासणीच्या दोन पद्धती आहेत. पातळ बेरियमने पोकळी नुसती भरली, तर ती सिंगल कॉन्ट्रास्ट. दाट बेरियमचा पातळ थर भिंतीवर चढवून आत वायू भरला, तर ती डबल कॉन्ट्रास्ट. वरच्या भागासाठी हा वायू फसफसणाऱ्या दाण्यांतून तयार होतो, तर मोठ्या आतड्यासाठी नळीने हवा सोडतात. डबल कॉन्ट्रास्टमध्ये आतल्या अस्तरावरचे बारीक व्रण आणि पॉलिप, म्हणजे छोट्या गाठी, उठून दिसतात. तपासणी जास्त वेळ आणि जास्त कौशल्य मागते, म्हणून तिला स्वतंत्र कोड आहे.

हे कोड सीपीटी या, तपासण्या आणि उपचारांच्या कोडांच्या, संचातले. तो अमेरिकन मेडिकल असोसिएशन सांभाळते. पचनमार्गाच्या तपासण्यांची त्यातली मांडणी २०२० मध्ये बरीच बदलली. अन्ननलिकेच्या सिंगल कॉन्ट्रास्टला ७४२२० राहिला आणि डबल कॉन्ट्रास्टसाठी ७४२२१ हा नवा कोड आला. अन्ननलिका, जठर आणि ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) या वरच्या मार्गाच्या एकत्रित तपासणीला सिंगलमध्ये ७४२४० आणि डबलमध्ये ७४२४६. मोठ्या आतड्याच्या बेरियम एनिमाला, म्हणजे गुदद्वारातून बेरियम सोडून केलेल्या तपासणीला, त्याच क्रमाने ७४२७० आणि ७४२८०. त्याच वर्षी ७४२४१, ७४२४५, ७४२४७, ७४२४९ आणि ७४२६० हे कोड रद्द झाले. जुन्या तक्त्यावरून चार्ज टाकणाऱ्या ठिकाणी यांतला एखादा अजून डोकावतो आणि क्लेम, म्हणजे विम्याकडे केलेली पैशांची मागणी, अवैध कोड म्हणून परत येतो.

बेरियम देण्याआधी जो साधा एक्स-रे काढतात, त्याला स्काउट म्हणतात. २०२० पासून तो या कोडांच्या व्याख्येतच धरलेला आहे, उशिराने काढलेली चित्रेही. त्यामुळे एनिमाआधीच्या स्काउटसाठी पोटाच्या एका एक्स-रेचा ७४०१८ वेगळा लावला, तर तो एनसीसीआय या मेडिकेअरच्या (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) तपासणी-नियमांत अडकतो. फ्लुओरोस्कोपीचा, म्हणजे हलत्या एक्स-रे चित्रणाचा, ७६००० हाही सोबत जोडायचा नाही, कारण ही तपासणी फ्लुओरोस्कोपीवरच चालते. आतड्याची हालचाल थांबवण्यासाठी डबल कॉन्ट्रास्टमध्ये ग्लुकागॉन दिले, तर तेही ७४२४६ आणि ७४२८० च्या व्याख्येत आलेले आहे.

सर्वांत जास्त चुका लहान आतड्याच्या तपासणीत होतात. वरच्या मार्गाची तपासणी झाल्यावर तेच बेरियम पुढे सरकताना ठरावीक अंतराने चित्रे काढली, तर मूळ कोडला ७४२४८ जोडायचा. हा ॲड-ऑन आहे. तो ७४२४० किंवा ७४२४६ सोबतच जातो, एकटा कधीच नाही. फक्त लहान आतड्यासाठी बेरियम दिले असेल, तर ७४२५०. नळी थेट लहान आतड्यात नेऊन दाट बेरियम आणि हवा सोडली, तर ७४२५१. एकाच बैठकीत दोन्ही भाग पाहिले असताना ७४२४० आणि ७४२५० असे दोन पूर्ण कोड लावणे ही नेहमीची चूक. अन्ननलिकेचेही तसेच आहे. ती वरच्या मार्गाच्या तपासणीचा भाग असल्याने ७४२४० सोबत ७४२२० लावायचा नाही.

ऑर्डर आणि रिपोर्ट यांत फरक पडला, तर रिपोर्ट खरा. ऑर्डर डबल कॉन्ट्रास्टची होती, पण रुग्णाला वायूचे दाणे घेता आले नाहीत आणि सिंगल कॉन्ट्रास्टवर काम भागवले, तर सिंगलचा कोड. इथे कमी सेवेचा मॉडिफायर (कोडला जोडायचा दोन अंकी खुलासा) ५२ नको, कारण झालेल्या कामासाठी पूर्ण कोड उपलब्ध आहे. उलट रिपोर्टात दाट बेरियम, वायू किंवा डबल कॉन्ट्रास्ट यांचा उल्लेखच नसेल, तर ७४२४६ लावता येत नाही. रेडिओलॉजिस्टने प्रत्यक्षात ते केले असले तरी नाही. अशा वेळी अंदाज बांधू नये, त्यांना विचारून रिपोर्टात दुरुस्ती करून घ्यावी. अन्ननलिका फाटल्याच्या शंकेने बेरियमऐवजी पाण्यात विरघळणारे आयोडीनयुक्त द्रव्य दिले, म्हणून कोड बदलत नाही. ७४२२० च्या व्याख्येत बेरियम हे केवळ उदाहरण आहे.

गिळण्याच्या क्रियेची व्हिडिओ तपासणी ही ७४२३०. ती बहुधा वाचा-गिळण तज्ज्ञासोबत होते आणि त्याच्या कामाला ९२६११ हा वेगळा कोड आहे. रिपोर्टात व्हिडिओ किंवा सिने-चित्रणाचा उल्लेख हवाच. बाळाचे आतडे आतड्यात शिरले असता हवेच्या किंवा कॉन्ट्रास्टच्या दाबाने ते सरळ करणे हा उपचार आहे, म्हणून तिथे निदानासाठीच्या एनिमाचा कोड येत नाही, ७४२८३ येतो.

आता निदानाचा कोड. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम हा निदानांच्या कोडांचा संच लागू आहे. बाह्यरुग्णासाठी ‘शक्यता’, ‘संशय’ किंवा ‘नाकारण्यासाठी’ असे शब्द असलेले निदान कोड करत नाहीत. ऑर्डरवर ‘अचलेशियाची शंका’ (अन्ननलिकेचे खालचे तोंड नीट न उघडण्याचा आजार) आहे आणि तपासणी सामान्य निघाली, तर त्याचा के२२.० लावायचा नाही. रुग्णाला गिळताना त्रास होत होता, तेच लिहायचे. कोणत्या टप्प्यावर ते नोंदलेले नसेल, तर आर१३.१०. तोंड-घशाच्या टप्प्यावर असेल, तर आर१३.१२. मेंदूचा रक्तपुरवठा तुटून आलेल्या झटक्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल, तर आधी आय६९.३९१ आणि मग टप्प्याचा कोड. हा क्रम उलटला, तर कोडिंग चुकते. रेडिओलॉजिस्टने हायटस हर्निया, म्हणजे जठराचा भाग छातीच्या पोकळीत सरकणे, ठामपणे लिहिला असेल आणि लक्षणांचे कारणही तोच असेल, तर के४४.९ लावता येतो.

रुग्णालयात तपासणी झाली की डॉक्टरांच्या सीएमएस-१५०० फॉर्मवर ७४२२० ला मॉडिफायर २६ जोडतात, म्हणजे फक्त वाचन आणि रिपोर्ट. यंत्र, खोली आणि तंत्रज्ञ यांचा खर्च रुग्णालय स्वतःच्या यूबी-०४ फॉर्मवर मागते. २६ विसरला, तर यंत्राचा खर्चही डॉक्टरांनीच मागितल्यासारखे होते आणि क्लेम अडतो. डॉक्टरांच्या स्वतःच्या क्लिनिकमध्ये, स्वतःच्या यंत्रावर तपासणी झाली असेल, तर मॉडिफायरशिवाय पूर्ण कोड. ऑर्डर देणाऱ्या डॉक्टरांचे नाव रकाना १७ मध्ये आणि त्यांचा एनपीआय हा ओळख क्रमांक १७बी मध्ये जातो. मेडिकेअरला क्लेम सेवेच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत पोहोचायला हवा.

आतड्याच्या कर्करोगाच्या चाळणीसाठी, म्हणजे लक्षणे नसताना आधीच तपासून पाहण्यासाठी, बेरियम एनिमा करण्याला मेडिकेअर पूर्वी जी०१०६ आणि जी०१२० या कोडांखाली पैसे देई. १ जानेवारी २०२५ पासून ते बंद झाले आणि चाळणीच्या सीटी कोलोनोग्राफीला (सीटी स्कॅनने मोठे आतडे पाहण्याच्या तपासणीला), म्हणजे ७४२६३ ला, मान्यता मिळाली. लक्षणे असलेल्या रुग्णाच्या निदानासाठी केलेल्या एनिमाचे ७४२७० आणि ७४२८० मात्र चालू आहेत. त्यामुळे एनिमाच्या रिपोर्टात आधी पाहायचे ते तपासणीचे कारण.