बोकड नुसत्या उंचीवर घेऊ नका

मटण कवळं आहे का, हा प्रश्न कोल्हापुरात रविवारी सकाळी जितक्या जणांच्या तोंडी असतो तितका दुसरा कुठला नसेल. बकऱ्याचं वय आणि मांडी बघून त्याचं उत्तर देणारे जाणकार गल्लोगल्ली आहेत. पण कवळेपणा बापाकडून पिलाकडं येतो का, येत असेल तर किती, याचा हिशेब शेळ्यांपेक्षा गुरांमध्ये फार बारकाईनं झाला. त्यातही आघाडीवर राहिली ती अँगस, ही काळी आणि जन्मतःच बिनशिंगी स्कॉटिश जात.

आपल्याकडं १९७६ च्या कायद्यानं गायीच्या आणि २०१५ पासून बैल-वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे, त्यामुळं अँगसचं मांस हा आपला विषय नाही. त्याचा वळू कसा निवडतात, हा मात्र आहे. बोकड किंवा एडका घेताना आपण जे निकष लावतो, ते तिकडच्या लोकांनी आधीच लावून पाहिलेत, आणि त्याचे चटकेही सोसलेत.

१९५० च्या आसपास अमेरिकेतल्या प्रदर्शनांत बुटक्या, गोल गरगरीत वळूंना बक्षिसं मिळत. सगळे तसेच वळू पैदाशीला वापरू लागले आणि काही कळपांत वाढच न होणारी खुजी वासरं जन्मू लागली. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत उंचच उंच वळूंची फॅशन आली. त्यांच्या मुली म्हणजे धिप्पाड गायी, आणि त्यांचं पोट भरता भरता मालकाच्या नाकी नऊ आले. दोन्ही वेळा निवड डोळ्यांनी झाली होती.

आता अँगसचा वळू विकायला येतो तेव्हा त्याच्यासोबत आकड्यांचा एक तक्ता असतो: जन्माचं वजन, दूध तोडतानाचं वजन, वर्षाचं वजन, मुलींचं दूध, मांसातली चरबीची जाळी. हे आकडे वळूचे स्वतःचे नसतात. त्याची पिल्लं इतरांच्या पिलांपेक्षा किती पुढं किंवा मागं असतील, याचा तो अंदाज असतो. आपल्याला हे नवं नाही. रेडा कुठं दूध देतो? तरी त्याच्या रेताची किंमत ठरते ती आई आणि मुलींच्या दुधावरूनच.

एक सोपं गणित करून बघू. समजा कळपातल्या वर्षाच्या बोकडांचं सरासरी वजन २५ किलो आहे आणि तुम्ही निवडलेला ३५ किलोचा आहे. वरचे १० किलो सगळे रक्तातले नसतात. त्यात खुराक आला, आईचं दूध आलं, एकटंच जन्मल्याचा फायदा आला. वजनाची आनुवंशिकता ०.३ धरली तर रक्तातले ३ किलोच. बापाकडून पिलाला निम्मं मिळतं, म्हणजे दीड किलो. थोडं वाटेल, पण एक बोकड हंगामात २५-३० शेळ्यांना पुरतो आणि त्याच्या मुली पुढं वर्षानुवर्षं कळपातच राहतात.

चाऱ्याचा हिशेब याहून किचकट आहे. मांसाच्या गायीला वर्षभर जे खाणं लागतं, त्यातला सुमारे ७० टक्के हिस्सा ती नुसती जगण्यावर खर्च करते. गाभण राहणं आणि वासरू पाजणं उरलेल्यात. म्हणजे मालकाला नफा देते ती कमी खाऊन वेळेवर गाभण राहणारी गाय, आणि तशी गाय देणारा वळू शोधायचा. १९६३ मध्ये संशोधक कोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी एक युक्ती मांडली. जनावराचं वजन आणि वाढ बघता त्यानं किती खायला हवं होतं ते काढायचं, प्रत्यक्षात किती खाल्लं ते मोजायचं आणि फरक बघायचा. अपेक्षेपेक्षा कमी खाऊन तेवढंच वाढलं तर जनावर काटकसरी. हा गुणही बऱ्यापैकी आनुवंशिक आहे.

गोठ्यात गव्हाणीखाली वजनकाटा लावून हे जमतं. मोकळ्या कुरणात एकेका जनावरानं किती गवत ओरबाडलं ते कसं मोजणार? इथं वनस्पतीच्या अंगावरचं मेण कामाला येतं. त्यात विषम कार्बनसंख्येचे अल्केन, म्हणजे कार्बन-हायड्रोजनची लांब साखळीसारखी संयुगं, भरपूर असतात. जनावराला सम संख्येचा अल्केन मोजून खाऊ घालतात आणि शेणात दोन्हींचं प्रमाण बघून खाल्लेल्या चाऱ्याचा अंदाज काढतात. शेणावरून पोटाचा हिशेब लावणारं हे शास्त्र मला फार आवडतं.

ज्या वळूच्या मुली गवतावर जगणार, त्याला विक्रीआधी धान्य खाऊ घालून फुगवण्यात अर्थ नसतो. अंगावर चरबी चढते, खुरं आणि पोट बिघडतं, आणि कुरणात सोडल्यावर तो झपाट्यानं उतरतो. म्हणून काही पैदासकार वळू गवतावरच वाढवतात आणि गवतावर जो टिकला तोच विकतात.

कवळेपणाची गोष्ट वेगळी. तो वळूवर तपासायचा तर वळू मारावा लागेल! म्हणून त्याची पोरं आणि भावंडं तपासतात. मांसाचा जाड काप आतून ७१ अंश सेल्सिअस होईपर्यंत भाजतात, थंड करतात आणि तंतूंच्या दिशेनं १.२७ सेंटिमीटर जाडीच्या गोल कांड्या काढतात. मग मध्ये खाच असलेलं बोथट पातं ती कांडी आडवी तोडतं आणि किती किलो जोर लागला ते यंत्र नोंदवतं. वॉर्नर आणि ब्रॅट्झलर यांच्या नावाची ही चाचणी जवळजवळ शंभर वर्षांची आहे. चारेक किलोच्या आत तुटलं तर मांस मऊ धरतात. चरबीची जाळी मात्र जिवंत वळूवर, १२ व्या आणि १३ व्या बरगडीच्या मध्ये सोनोग्राफी करून दिसते.

मऊपणा येतो तो जनावर मेल्यानंतर. स्नायूत कॅल्पेन नावाचं विकर असतं. ते कॅल्शियम मिळालं की तंतूंना बांधून ठेवणारी प्रथिनं कातरू लागतं. त्याला लगाम घालणारं दुसरं प्रथिन म्हणजे कॅल्पास्टॅटिन. लगाम जितका घट्ट तितकं मांस चिवट. वशिंडाच्या गुरांत हा लगाम जास्त घट्ट असतो, म्हणून अमेरिकेतल्या 'ब्राह्मण' (Brahman) नावाच्या गुरांचं मांस अँगसपेक्षा चिवट निघतं. गुरांची ही जात घडली ती भारतातून गेलेल्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा खोरं या गुरांपासून. यातलं कृष्णा खोरं तर आपल्या शेजारचं. काळ्या चिकट रानात औत ओढायला तगडा बैल हवा म्हणून दक्षिण मराठा मुलखातल्या संस्थानिकांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोपासलं होतं.

डोळ्यांचा भरवसा किती धरावा, हे एका मेंढ्यानं फार चांगलं दाखवलं. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात 'सॉलिड गोल्ड' नावाचा एक एडका जन्मला. त्याचा मागचा भाग पैलवानासारखा भरलेला, चरबी नावाला. त्याच्या पोरांतही तो गुण उतरला. अशा कोकरांचं मटण शिजवलं तेव्हा कळलं की पाठीचं मांस चामड्यासारखं चिवट आहे. कॅल्पास्टॅटिन वाढलेलं होतं. ज्या जनुकीय बदलामुळं मांस वाढलं, त्यानंच ते चिवटही केलं.

आता आपल्या रश्श्याकडं येऊ. वरचं सगळं कातरकाम पूर्ण व्हायला मांस थंडीत आठवडा-दोन आठवडे मुरावं लागतं. आपण सकाळी कापलेलं बकरं दुपारी जेवतो. कॅल्पेनला वेळच मिळत नाही. आपल्या मटणाचा चिवटपणा मुख्यतः कोलॅजेनचा, म्हणजे स्नायूंना गुंडाळणाऱ्या दोरखंडी प्रथिनाचा असतो. वय वाढेल तशा त्याच्या गाठी पक्क्या होतात. पाण्यात मंद आचेवर तासभर शिजलं की तेच विरघळून जिलेटिन होतं, आणि पांढऱ्या रश्श्याला जे अंग येतं त्यात त्याचा वाटा असतो. म्हणून माझं सरळ मत असं की कोल्हापूरकरानं कवळेपणाच्या जनुकामागं लागू नये. तो वयावर आणि पातेल्यावर सोडावा. बोकड निवडावा तो चाऱ्यावर.

आणि तिथंच आपलं उलटं चालतं. आषाढ आला, त्र्यंबोलीची यात्रा आली, बकरी ईद आली की कळपातलं सगळ्यात लवकर भरलेलं करडू आधी विकलं जातं, कारण भाव त्यालाच. मागं राहिलेलं मंद वाढीचं करडू मोठं होऊन त्याच शेळ्यांना लागतं. पिढ्यानपिढ्या आपण नकळत संथ बोकडच निवडत आलो. दुसरीकडं हौसेनं परराज्यातून उंच, लांब कानांचा बोकड येतो. तो खुराकावर वाढलेला, आणि इथं त्याच्यापुढं बांधावरचा पाला, शेवरी आणि ऊसतोडीच्या दिवसांत वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. वाड्यात ऑक्झलेट असतं. ते कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून खनिज मिश्रण सोबत द्यावं लागतं. अशा खाण्यावर कोण तगतो, हे त्याच खाण्यावर वाढवूनच कळेल.

जवळच्या सातारा जिल्ह्यात, फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळी देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणला आणि 'सुवर्णा' मेंढी घडवली. एडका स्वतः वीत नाही, त्यामुळं तो जनुक त्याच्या अंगावर दिसणं शक्यच नव्हतं. तो रक्ताच्या तपासणीतूनच कळतो. आपल्याला एवढी प्रयोगशाळा नको. स्प्रिंगचा काटा आणि एक वही पुरे. जन्माची तारीख, आई-बाप, एकटं की जुळं, आणि तीन महिन्यांचं वजन. जुळ्यातलं १२ किलोचं करडू हे एकट्या जन्मलेल्या १३ किलोच्या करडापेक्षा बहुतेक वेळा रक्तानं सरस असतं, कारण त्यानं आईचं निम्मं दूध भावंडाला देऊन तेवढं वजन कमावलेलं असतं. बाजारात मात्र भाव १३ किलोच्याला जास्त मिळतो. तो खुशाल विकावा, आणि १२ किलोचा ठेवावा.