शकुंतला रेल्वे (यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर नॅरोगेज)

शकुंतला म्हणजे वऱ्हाडातली अडीच फुटी रुळांवरची पॅसेंजर, जी मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जायची. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. यवतमाळची बाजू ११३ किलोमीटर, अचलपूरची साधारण ७६, म्हणून सगळीकडे "१९० किलोमीटरची शकुंतला" असंच लिहिलेलं सापडतं. वाटेत कारंजा, दारव्हा, दर्यापूर, अंजनगाव ही मोठी गावं आणि त्यांच्यामध्ये लाखपुरी, लेहगाव, कापूसतळणी, पथ्रोट अशी बारकी स्टेशनं. अकोला, वाशिम, यवतमाळ, अमरावती हे चारही जिल्हे या एका लाइनीत येतात. वर्धा जिल्ह्यातली पुलगाव–आर्वी ही ३५ किलोमीटरची लाइन याच कंपनीची, पण ती वेगळी पडते, तिचं शेवटी बघू.

रेल्वेची मॉडेलं करणारे लोक या लाइनीच्या मागे का लागतात त्याला कारण तिचा कारभार. रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची, तिकीट गार्डच्या हातात आणि अख्ख्या तुकड्यावर एकच गाडी, असं भारतात इतक्या उशिरापर्यंत दुसरीकडे चालल्याचं क्वचितच दिसेल.

मालकीपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथंच आहे. लाइन सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. ही कंपनी १९१० ची धरतात आणि तिचे मॅनेजिंग एजंट, म्हणजे तिच्या वतीने कारभार बघणारे, मुंबईचे किलिक, निक्सन आणि कंपनी. हे १८५७ पासूनचं घराणं, ताप्ती व्हॅली रेल्वेही त्यांच्याच हातातली. रूळ, जमीन, स्टेशनं कंपनीची, आणि गाडी चालवायची ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने, म्हणजे पुढे जाऊन मध्य रेल्वेने. त्या बदल्यात कंपनीला उत्पन्नातला वाटा. १९५० च्या आसपास बाकीच्या खाजगी आणि संस्थानी रेल्वे एकेक करून सरकारी झाल्या, ही मात्र सुटली. का सुटली याची उत्तरं वेगवेगळी मिळतात, राहून गेली असंही म्हणतात आणि कराराच्या अटींमुळे घेता आली नाही असंही म्हणतात. करार दर दहा वर्षांनी पुढे ढकलायची पद्धत होती आणि ती मोडून लाइन ताब्यात घेणं सरकारला दर वेळी महाग वाटलं असावं, त्यामुळे दुसरं म्हणणं मला जास्त पटतं.

इथं एक गोष्ट ठासून सांगायला पाहिजे. "आजही ब्रिटिशांच्या मालकीची रेल्वे" असं जे पेपरात आणि फॉरवर्डमध्ये फिरतं ते जसंच्या तसं घेऊ नये. कंपनी ब्रिटिश काळात ब्रिटिशांनी काढली हे खरं, पण स्वातंत्र्यानंतर किलिक निक्सन भारतीयांच्या हातात आली. त्यामुळे खाजगी मालकीची म्हणा, पण लंडनला पैसे जातात हे चित्र चुकीचं आहे.

लाइन केव्हाची, यावरही दोन तारखा चालतात. बहुतेक ठिकाणी "१९०३ मध्ये काम सुरू, १९१६ मध्ये पूर्ण" असं मिळतं. आता कंपनीच जर १९१० ची असेल तर १९०३ मध्ये काम कोणी सुरू केलं, हा प्रश्न कोणालाही पडेल. वऱ्हाडचा इतिहास बघितला तर १९०३ ला एक दुसरीच मोठी गोष्ट घडलेली आहे, त्या वर्षी निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतलेला वऱ्हाड कारभारापुरता मध्य प्रांताला जोडला गेला. मध्य प्रांताचं नाव लावलेली कंपनी वऱ्हाडात रूळ टाकते ती त्याच्यानंतरच. तेव्हा १९०३ हे पाहणीचं किंवा नुसतं प्रस्तावाचं वर्ष असावं आणि प्रत्यक्ष वाहतूक १९१३ ते १९१६ च्या दरम्यान तुकड्यातुकड्याने सुरू झाली असं धरणं बरं. जुन्या कागदात गावांची नावं एलिचपूर आणि येवतमाळ अशी येतात, शोधताना ते लक्षात ठेवावं.

लाइन टाकली ती कापसासाठी, यात वाद नाही. जीआयपीची मोठी लाइन १८६७ लाच नागपूरला पोचली होती, पण ती मूर्तिजापूर–बडनेरा अशी मधून गेली आणि यवतमाळचा, दारव्ह्याचा, अंजनगावचा कापूस बंडीवर लादून दोन-दोन दिवस बैल हाकत आणायला लागायचा. नॅरोगेज आली तशा जिनिंग-प्रेसिंगमधून बांधलेल्या गाठी मूर्तिजापूरला यायला लागल्या, तिथं छोट्या वाघिणीतून उतरवून ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढवायच्या आणि मग मुंबई बंदर, तिथून मँचेस्टर. मॉडेल करणाऱ्यासाठी मूर्तिजापूर सोन्यासारखं आहे ते यामुळेच. एका बाजूला मुंबई–हावडा मेन लाइन धडधडत जाते आणि तिच्या बगलेला अडीच फुटी रुळांचं यार्ड, दोन्हीच्या मधात माल बदलायची जागा. दोन गेजमधला फरक बघायचा असेल तर फलाटाच्या उंचीकडे बघा, नॅरोगेजचा फलाट जमिनीपासून जेमतेम उठलेला, डब्यात चढायला पायरीच लागते. हे मॉडेलमध्ये बरेच जण चुकवतात, दोन्ही फलाट सारखेच उंच करून ठेवतात.

इंजिनाची गोष्ट सगळ्यात जास्त सांगितली जाते. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं झेडडी नावाचं वाफेचं इंजिन १९२३ ला कामाला लागलं आणि १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालं, म्हणजे सत्तर वर्षांच्या वर. कापूस मँचेस्टरला जायचा आणि इंजिन मँचेस्टरहून आलं, ही जोडी लोकांना आवडते आणि मलाही आवडते. पण "एकाच इंजिनाने सत्तर वर्षं गाडी ओढली" हे वाक्य जरा जपून वापरायला पाहिजे. झेडडी हे एका इंजिनाचं नाव वाटत नाही, ते वर्गाचं, म्हणजे एकाच बनावटीच्या इंजिनांचं नाव आहे. दोन दिशांना दोन गाड्या, त्यात बॉयलर धुवायचा, दुरुस्ती करायची, एका इंजिनावर हे भागणारच नाही. एका वर्गाची इंजिनं सत्तर वर्षं चालली असं म्हटलं तर ते जास्त खरं, आणि तेही काही कमी नाही.

अक्षरांचाही एक घोटाळा होतो. नंतर आलेली डिझेलं झेडडीएम वर्गाची. त्यात झेड म्हणजे अडीच फुटी गेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्हीला चालणारं. झेडडी मधला झेड तोच, पण डी चा डिझेलशी काही संबंध नाही, ते नुसतं ओळीतलं पुढचं अक्षर. नवीन माणूस झेडडी वाचून डिझेलचं मॉडेल घेऊन बसतो, असं होऊ नये म्हणून लिहिलं.

आता कारभार, जो मला सगळ्यात जवळचा वाटतो. गाडी दिवसाला एक. जी गाडी गेली तीच परत यायची. एका तुकड्यावर एकच गाडी असली की समोरून काही यायचा प्रश्न नाही, त्यामुळे क्रॉसिंग, टोकन (पुढचा तुकडा मोकळा असल्याची ड्रायव्हरला मिळणारी खूण), सिग्नल सगळं आपोआप सैल पडत गेलं. शेवटच्या काळात बहुतेक स्टेशनांवर माणूसच नव्हता. गाडी थांबली की गार्ड स्वतः खाली उतरायचा, तिकिटं द्यायचा, पैसे घ्यायचा, सगळे चढले की झेंडी दाखवून आपल्या डब्यात. एखादी म्हातारी धुऱ्यावरून हात करत येताना दिसली तर तेवढं थांबणंही त्यात आलं. फाटकापाशी गाडी अलीकडे उभी राहणार, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावणार, गाडी पार झाली की पुन्हा थांबणार, तो फाटक उघडणार आणि पळत येऊन चढणार. जेमतेम सात जणांच्या हातावर इंजिन जोडण्यापासून तिकिटापर्यंत सगळं चालायचं असं बातम्यांत आलेलं आहे. कोणाला मॉडेल लाइन नुसती गोल फिरवायची नसेल, खरी चालवायची असेल, तर हा क्रम बसवावा. एक गाडी, एक फाटक, दोन हॉल्ट (छोटे थांबे), एवढ्यात संध्याकाळ जाते.

वेगाबद्दल आकडे जुळत नाहीत. रुळांची डागडुजी कित्येक दशकं नीट झाली नाही म्हणून शेवटी ताशी २० किलोमीटरची मर्यादा होती, हे बऱ्याच ठिकाणी आहे. त्याच वेळी १९० किलोमीटरला २० तास लागायचे असंही छापून आलंय. ताशी २० ने साधा हिशेब केला तर साडेनऊ तास होतात, थांबे आणि फाटकं धरून बारा-तेरा करा. वीस तासांत मूर्तिजापूरला थांबून वाट बघणंही मोजलेलं असणार. तरी लोक जायचे कारण तिकीट एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त होतं आणि भाजीची टोपली, दुधाचा कॅन, विड्याच्या पानांचे पेटारे कोणी अडवत नव्हतं.

सिग्नलवर "मेड इन लिव्हरपूल" आणि १८९५ असा ठसा आहे असं सांगतात. १८९५ ला लाइनच नव्हती, म्हणून काही जण ते सिग्नल दुसरीकडून काढून आणलेले समजतात. ओतीव लोखंडावरचं वर्ष पुष्कळदा साच्याचं किंवा पेटंटचं असतं, बसवल्याचं नसतं, म्हणून मला तरी हा ठसा लाइनीच्या तारखेचा पुरावा वाटत नाही. मॉडेलवर मात्र तो ठसा जरूर घ्यावा.

रंगाचं म्हणाल तर इथं हात आखडतो. डेक्कन क्वीन १९३० ला सुरू झाली तेव्हा एक रेक (डब्यांचा संच) रुपेरी आणि लाल पट्ट्यांचा, दुसरा गडद निळा आणि सोनेरी रेघांचा, हे जीआयपीने नीट नोंदवून ठेवलं. त्याच जीआयपीने वऱ्हाडातल्या या गाडीला कोणता रंग दिला याकडे तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. मालक खाजगी असला तरी डब्यावर कंपनीची वेगळी ओळख नव्हती, रंग चालवणाऱ्या रेल्वेचाच. भारतीय रेल्वेचे डबे १९९० च्या दशकापर्यंत तांबूस लाल असायचे, मग निळे झाले, आणि शकुंतलेच्या शेवटच्या वर्षांतल्या फोटोंत दिसतात ते निळेच डबे. त्यामुळे वाफेच्या इंजिनामागे निळे डबे लावू नयेत, काळ्या इंजिनामागे लाल डबे आणि डिझेलमागे निळे अशी जोडी ठेवावी.

पण खरा रंग मातीचा. उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा उडतो आणि डब्याच्या खालच्या निम्म्या भागावर राखाडी थर बसतो, पावसाळ्यात तोच चिकट काळा होतो. आणि दिवाळीनंतर, वेचणीच्या दिवसांत, रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना बंड्यांवरून घासून राहिलेला कापूस पुंजक्यापुंजक्याने लोंबत असतो. वावरात पऱ्हाटी फुटलेली, बाभळीवर पांढरे पुंजके आणि मधून छोटी गाडी, एवढं केलं की बघणारा गावचा माणूस पाटी न वाचता सांगतो की हे वऱ्हाड आहे.

मापांचं थोडक्यात. १:८७ ला, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या मॉडेलला, ७६२ मिलिमीटर म्हणजे ८.७६, त्यामुळे एन गेज या छोट्या मॉडेल मापाचा ९ मिलिमीटरचा रूळ चालतो. १:४८ ला १५.९ येतात, तिथं एचओचा (१:८७ च्या मोठ्या लाइनींच्या मॉडेलांचा) १६.५ मिलिमीटरचा रूळ घेतात, किंचित रुंद पडतो पण डोळ्याला खटकत नाही. १:८७ ने यवतमाळ–मूर्तिजापूर अख्खं करायचं म्हटलं तर तेराशे मीटर रूळ लागेल, म्हणून मूर्तिजापूरचा एक कोपरा, पूर्णेवरचा पूल आणि एक हॉल्ट एवढंच निवडावं.

नाव शकुंतला कसं पडलं, याची एकमेकांशी न जुळणारी उत्तरं गावोगाव मिळतात. रेल्वेच्या दप्तरी ती साधी पॅसेंजरच, नाव लोकांनी दिलेलं आणि लोकांनीच टिकवलेलं.

यवतमाळ बाजू २०१६ च्या सुमारास थांबली, अचलपूरची त्यानंतर थोडी वर्षं चालली. ब्रॉडगेज करायच्या घोषणा झाल्या, लाइन पुन्हा सुरू व्हावी म्हणून लोकांनी आंदोलनंही केली. यवतमाळसाठी आता वर्धा–यवतमाळ–नांदेड ही नवी ब्रॉडगेज होतेय, तिच्यातल्या वर्धा–कळंब तुकड्यावर २८ फेब्रुवारी २०२४ ला गाडी सुरू झाली. ती वेगळ्या दिशेने येते, दारव्हा–कारंजाकडच्या जुन्या स्टेशनांना तिचा काही उपयोग नाही. ती दगडी स्टेशनं, पाण्याच्या टाक्या, छोटे पूल अजून जागेवर आहेत तोवर टेप घेऊन मोजून घ्यावेत, नुसत्या फोटोवरून खिडकीची उंची कळत नाही.

पुलगाव–आर्वी : ३५ किलोमीटर, हीसुद्धा ७६२ मिलिमीटरची आणि १९१७ च्या सुमाराची. कामकाज वरच्यासारखंच, पण ही बरीच आधी बंद पडली.

विदर्भातल्या दुसऱ्या छोट्या लाइनींपैकी नागपूर–नागभीड नॅरोगेज बंगाल नागपूर रेल्वेची, तिची शेवटची गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये धावली. तिची आणि सातपुड्यातल्या लाइनींची इंजिनं नागपूरच्या मोतीबाग संग्रहालयात बघायला मिळतात, हे संग्रहालय २००२ चं. अकोला–खंडवा मात्र मीटरगेज, शकुंतलेशी तिचं नातं नाही, पण मेळघाटात धूळघाटजवळ ती स्वतःच्याच रुळावरून वळसा घेऊन वर चढायची आणि मॉडेलात असा वळसा ज्यांना करायचा आहे त्यांनी तिचा नकाशा आधी बघावा.