ऑटोकरेक्ट की ऑटोफॉरमॅट: वर्डमधली ढवळाढवळ नेमकी कुणाची?

'1.' टाइप करून स्पेस दिली की वर्ड लगेच यादी सुरू करतं. इंग्रजी मजकुरात कलम लिहिताना कंसात 'सी' हे अक्षर टाकलं की त्याचं कॉपीराइटचं चिन्ह होतं. दोन्ही वेळा चिडचिड सारखीच, पण दोषी वेगवेगळे. ते ओळखता आले नाहीत की माणूस भलत्याच खिडकीत टिकमार्क काढत बसतो.

कंसातल्या 'सी'चा उद्योग ऑटोकरेक्टचा. त्याच्याकडे जोड्यांची यादी असते: डावीकडे आपण लिहिलेलं, उजवीकडे त्याला योग्य वाटतं ते. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करणंही त्याचंच काम. देवनागरीत कॅपिटल नाहीत म्हणून युनिकोडमध्ये लिहिणारे यातून सुटतात. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टवाल्यांची मात्र पंचाईत होते. तिथे पडद्याआड इंग्रजी अक्षरंच असतात, त्यामुळे वाक्यारंभीचा 'क' कॅपिटल झाला की थेट अर्धा 'क्' होऊन बसतो. फॉन्ट बिघडला असं वाटतं, पण तो बिचारा निर्दोष असतो.

यादी, आडवी रेघ, निळी लिंक हे सगळं 'ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप'चं. ते परिच्छेदाचं रूप बदलतं. तीन हायफन टाकून एंटर मारलं की उमटणारी रेघ सिलेक्टच होत नाही, कारण ती वरच्या परिच्छेदाची बॉर्डर असते. कर्सर त्या परिच्छेदात नेऊन 'नो बॉर्डर' निवडलं की जाते. सरळ अवतरणचिन्हं गोल करणंही याच खात्यात येतं. बदलतं अक्षरच, त्यामुळे ते ऑटोकरेक्टकडे का दिलं नाही हे मला अजून उमगलेलं नाही.

दोघांचा पत्ता एकच: फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, मग 'ऑटोकरेक्ट ऑप्शन्स'. आणि इथेच खरी फसगत आहे. या खिडकीत नुसत्या 'ऑटोफॉरमॅट' नावाचा आणखी एक टॅब असतो, त्यात जवळपास त्याच ओळी असतात. तो टॅब टाइप करताना काहीच करत नाही. लिहून झालेल्या मजकुरावर ऑटोफॉरमॅटची आज्ञा मुद्दाम चालवली तरच लागू होतो. टिकमार्क काढूनही यादी सुरूच राहते, अशी तक्रार असेल तर आधी टॅबचं नाव पूर्ण वाचा.

ऑटोकरेक्ट सरसकट बंद करू नये असं माझं मत. छळणारी जोडी यादीतून डिलीट करावी, बाकीच्या टायपिंगच्या चुका त्याला सुधारू द्याव्यात. ही यादी एक्सेल आणि पॉवरपॉइंटलाही सामाईक असते, हे मात्र ध्यानात ठेवा. ऑटोफॉरमॅटच्या बाबतीत मी निष्ठुर आहे: आपोआप याद्या आणि बॉर्डर, दोन्ही बंद.

एखाद्याच वेळची अडचण असेल तर सेटिंगला हात लावायचं कारण नाही. बदल होताच कंट्रोल-झेड दाबा; वर्डची करामत मागे फिरते, आपलं टायपिंग तसंच राहतं.

लिब्रेऑफिस रायटर, म्हणजे वर्डसारखाच एक मोफत प्रोग्रॅम, ही फोड करत नाही. तिथे कॅपिटल अक्षरं, याद्या आणि बॉर्डर एकाच टॅबमध्ये सापडतात. ओळींपुढे 'एम' (लिहून झालेल्या मजकुरासाठी) आणि 'टी' (टाइप करतानासाठी) अशा चौकटी असतात; काही ओळींना दोन्ही, काहींना एकच. टाइप करतानाचा त्रास थांबवायचा तर 'टी'खालची खूण काढायची.