ओहमच्या हिशेबापलीकडची जोडणी

उंच खोक्यात एकाखाली एक आठ स्पीकर बसवायचे आहेत, प्रत्येक 8 ओहमचा (ओहम म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप). सगळे पॅरलल, म्हणजे त्याच दोन तारांवर शेजारी-शेजारी, जोडले तर ॲम्प्लिफायरवर 1 ओहमचा भार पडतो. ओहम जितके कमी तितका करंट जास्त, आणि एवढा करंट बहुतेक ॲम्प्लिफायरना झेपत नाही. संरक्षण असेल तर ते बंद पडतात, नसेल तर जळतात. सगळे सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक साखळीत, घेतले तर होतात 64 ओहम. धोका टळतो, पण आवाजात जोर उरत नाही. म्हणून दोन्हींची सांगड घालतात: चार-चारच्या दोन सिरीज साखळ्या पॅरलल केल्या की 16 ओहम, दोन-दोनच्या चार केल्या की 4.

बरेच जण हा हिशेब जुळला की थांबतात. मला मात्र यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कुठला स्पीकर कुठल्या साखळीत आहे यावर त्याच्या वाट्याचं व्होल्टेज ठरतं, आणि त्यातूनच आवाजाचा झोत घडतो, म्हणजे आवाज कुठल्या दिशेला किती जातो हे ठरतं.

आठही स्पीकर सारख्याच जोरात वाजले तर मुख्य झोताच्या वर-खाली छोटे झोत फुटतात आणि त्यांच्यामध्ये आवाज जवळजवळ नाहीसा होतो. टोकांचे स्पीकर हळू ठेवले की हे उपझोत बरेच दबतात. त्यासाठी वेगळा रेझिस्टर लागत नाही. मधले चार स्पीकर दोन-दोनच्या दोन साखळ्यांत घ्या. वरचे दोन आणि खालचे दोन मिळून चारांची एकच साखळी करा. मग तिन्ही साखळ्या पॅरलल जोडा. मधल्या प्रत्येकाला निम्मं व्होल्टेज मिळतं, टोकाच्या प्रत्येकाला पाव, म्हणजे 6 डेसिबल कमी. एकूण भार 6.4 ओहम, बहुतेक ॲम्प्लिफायरना सहज पेलणारा.

याच्या बदल्यात मुख्य झोत थोडा रुंदावतो. शिवाय 100 वॅट दिले तर मधल्या प्रत्येकाला 20 आणि टोकाच्या प्रत्येकाला 5 वॅट मिळतात, तेव्हा मधल्यांची क्षमता आधी बघावी.

स्पीकरमधल्या अंतराची उणीव मात्र वायरिंगने भरून निघत नाही. 10 किलोहर्ट्झला ध्वनीची तरंगलांबी जेमतेम 3.4 सेंटिमीटर असते. दोन स्पीकरच्या केंद्रांतलं अंतर त्याहून जास्त असेल तर तिथे नवे झोत फुटणारच.

प्लस-मायनसही जपा. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर तो स्वतःचा आवाज तर घालवतोच, शेजाऱ्याचाही खोडतो. 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहा: सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असताना पडदा बाहेर यायला हवा. शेवटी मल्टिमीटर लावा. तो फक्त कॉइलच्या तारेचा अडथळा मोजतो, म्हणून 8 ओहमचा स्पीकर त्यावर साधारण 6 दाखवतो, त्यामुळे ही जोडणी 5 च्या आसपास दाखवेल. आकडा फारच वेगळा आला तर ॲम्प्लिफायर लावू नका, आधी एकेक साखळी सोडवून मोजा.