अठराची अट : ऑलिव्हिया मोल्ट्रीच्या पदार्पणामागचा इतिहास

३ जुलै २०२१ रोजी अमेरिकेच्या नॅशनल विमेन्स सॉकर लीगमध्ये पोर्टलंड थॉर्न्सची एक बदली खेळाडू रेसिंग लुईव्हिलविरुद्ध मैदानात उतरली. ऑलिव्हिया मोल्ट्री, वय १५ वर्षे २८९ दिवस. या लीगमध्ये तोवर इतक्या लहान वयात कोणीच खेळलं नव्हतं. त्याआधी दोन वर्षं ती याच संघाबरोबर सराव करत होती, आणि सामन्याच्या दिवशी मात्र बाहेर बसत होती. आडवा येत होता तो लीगचा एक नियम : खेळाडू किमान १८ वर्षांची हवी. तो नियम न्यायालयात टिकला नाही. पण तो तिथे होताच का, हे कळायला मागे जावं लागतं.

अमेरिकेतला महिला फुटबॉल वाढला तो क्लबांच्या नव्हे, महाविद्यालयांच्या जिवावर. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी मुलींशी भेदभाव करायचा नाही, असा टायटल नाइन हा कायदा १९७२ मध्ये आला आणि विद्यापीठांना मुलींच्या खेळांवर पैसा खर्च करणं भाग पडलं. शिष्यवृत्त्या आल्या, प्रशिक्षक आले, मैदानं आली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात अॅन्सन डोरन्स यांच्या हाताखालून मिया हॅम आणि क्रिस्टीन लिली यांच्यासारख्या खेळाडू तयार झाल्या. व्यावसायिक लीग मात्र रुजत नव्हती. २००१ मध्ये सुरू झालेली पहिली लीग तीन हंगामांत बंद पडली. २००९ मध्ये दुसरी आली, तीही तीनच हंगाम चालली. २०१३ मध्ये सुरू झालेली आजची लीग टिकली, पण पहिल्या वर्षी तिथला किमान पगार होता ६,००० डॉलर, तोही अख्ख्या हंगामाचा. अशा ठिकाणी पदवी सोडून कोण येणार? चार वर्षं महाविद्यालय, मग ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने खेळाडू निवडून घ्यायच्या पद्धतीत, एखाद्या क्लबने निवड करायची, हीच वाट सर्वांना शहाणपणाची वाटली. अठराची अट त्या वाटेला साजेशी होती, म्हणून वर्षानुवर्षं तिच्याबद्दल कोणी फारसं विचारलंच नाही.

मुलांच्या बाबतीत चित्र वेगळं होतं. फ्रेडी अडू २००४ मध्ये १४ व्या वर्षी डीसी युनायटेडकडून मेजर लीग सॉकरमध्ये खेळला. पुढे त्या लीगच्या क्लबांनी स्वतःच्या अकादमी काढल्या आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांशी करार होऊ लागले. युरोपात मुलीही सोळाव्या-सतराव्या वर्षी वरिष्ठ संघात दिसतात. मग अमेरिकन मुलीने तिकडे का जाऊ नये? कारण फिफाच्या नियमानुसार, काही मोजके अपवाद सोडले तर, १८ वर्षांखालील खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जाता येत नाही. लिंडसे होरानने २०१२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाची शिष्यवृत्ती नाकारून पॅरिस सेंट जर्मेनची वाट धरली, तीही १८ पूर्ण झाल्यावरच. म्हणजे त्याहून लहान मुलीला घरचं दार बंद आणि बाहेरचंही.

मोल्ट्रीचा जन्म १७ सप्टेंबर २००५ चा, लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडच्या सँटा क्लॅरिटा भागातला. अकराव्या वर्षीच तिने नॉर्थ कॅरोलायनाचा शिष्यवृत्तीचा प्रस्ताव स्वीकारला, तेव्हा देशभर चर्चा झाली. त्याहून मोठी चर्चा फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली. तेव्हा तेरा वर्षांच्या या मुलीने नायकेशी करार केला आणि ती व्यावसायिक खेळाडू झाली. त्या काळच्या महाविद्यालयीन नियमांप्रमाणे जाहिरातीचे पैसे घेणाऱ्या खेळाडूला विद्यापीठाकडून खेळता येत नसे. म्हणजे परतीचा रस्ता तिने स्वतःच सोडून दिला. कुटुंब पोर्टलंडला राहायला गेलं.

पोर्टलंड निवडण्यामागे कारण होतं. महिला क्लब फुटबॉलला इतकी गर्दी अमेरिकेत दुसरीकडे कुठेच होत नव्हती; २०१९ मध्ये थॉर्न्सच्या घरच्या सामन्यांना सरासरी २० हजारांवर प्रेक्षक आले. सरावात तिच्याभोवती क्रिस्टीन सिंक्लेअर, टोबिन हीथ यांच्यासारख्या नामवंत आंतरराष्ट्रीय खेळाडू आणि तीच लिंडसे होरान. सिंक्लेअर तिच्यापेक्षा २२ वर्षांनी मोठी. मध्यफळीत खेळणाऱ्या मुलीला याहून चांगली शाळा मिळणं कठीण. पण ही शाळा परीक्षेला बसू देत नव्हती. सरावात तुम्ही कितीही चमका, प्रतिस्पर्धी अंगावर येत असताना, गुण पणाला लागलेले असताना अर्ध्या सेकंदात पास द्यायचं कसब सामन्यातच येतं.

मे २०२१ मध्ये तिच्या वतीने पोर्टलंडच्या संघराज्य न्यायालयात खटला दाखल झाला. मुद्दा मांडला गेला तो मक्तेदारीविरोधी कायद्याचा, थेट १८९० च्या शर्मन कायद्याचा. लीगमधले दहा क्लब खरं तर खेळाडूंसाठी एकमेकांशी स्पर्धा करणारे मालक. त्यांनी एकत्र येऊन ठराविक वयाखालच्या कोणालाच घ्यायचं नाही असं ठरवलं, तर तो बाजारपेठेतला संगनमताचा बहिष्कार ठरतो, असा तिच्या वकिलांचा युक्तिवाद होता. लीगचं म्हणणं : वयाची अट हा खेळाडूंच्या संघटनेबरोबर वाटाघाटीत ठरवायचा विषय आहे, आणि अल्पवयीन मुली आल्या की जबाबदारी आणि खर्च वाढतो. न्यायाधीश कॅरिन इमरगट यांना हे पटलं नाही. खेळाडूंशी पहिला सामूहिक करार अजून व्हायचाच होता, आणि नियम तर त्याच्या आधीपासूनचा. शिवाय त्याच देशात, त्याच खेळात, मुलांच्या लीगला अशी अट नसताना काहीही बिघडलेलं नव्हतं. २४ मे रोजी तात्पुरता मनाई हुकूम आणि १७ जूनला पुढचा अंतरिम आदेश तिच्या बाजूने गेला. खेळाडूचं उमेदीचं आयुष्य मुळातच छोटं असतं. त्यातली दोन-तीन वर्षं गेली तर नंतर नुकसानभरपाई देऊन ती परत येत नाहीत, हा विचार या आदेशांच्या मुळाशी होता. मला तो निर्विवाद वाटतो.

३० जून २०२१ रोजी थॉर्न्सने तिच्याशी तीन वर्षांचा करार केला. दुसऱ्याच दिवशी, १ जुलैला, महाविद्यालयीन खेळाडूंना जाहिरातींतून कमाई करायची मुभा देणारं नवं धोरण देशभर लागू झालं. तेराव्या वर्षी तिला जी निवड करावी लागली, ती तिच्यामागून येणाऱ्या मुलींपुढे त्या रूपात उरली नाही.

जून २०२२ मध्ये, सोळाव्या वर्षी, तिने लीगमधला पहिला गोल केला. तोवरची ती लीगची सर्वांत लहान गोल करणारी खेळाडू. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला : भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई. २००५ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींची ही स्पर्धा, म्हणजे मोल्ट्री वयाने त्यात बसत होती. अमेरिकेने भारताला ८-० ने हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरीत नायजेरियाकडून पेनल्टींवर हार पत्करली. मोल्ट्री त्या संघात नव्हती. त्याच महिन्याच्या २९ तारखेला तिच्या क्लबने वॉशिंग्टनमध्ये कॅन्सस सिटीला २-० ने हरवून लीगचं विजेतेपद मिळवलं.

पण तो ऑक्टोबर थॉर्न्ससाठी निव्वळ आनंदाचा नव्हता. महिन्याच्या सुरुवातीला, अमेरिकन फुटबॉल महासंघाने चौकशीसाठी नेमलेल्या वकील सॅली येट्स यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. लीगमध्ये प्रशिक्षकांकडून खेळाडूंचा मानसिक आणि लैंगिक छळ झाला, तो वर्षानुवर्षं दडपला गेला, आणि या वृत्तीची मुळं लहान मुलींच्या फुटबॉलपर्यंत जातात, असं त्यात नमूद होतं. एका माजी प्रशिक्षकाच्या प्रकरणात पोर्टलंडच्या व्यवस्थापनावरही गंभीर ठपका होता. अठराची अट उठवणं योग्यच होतं, असं मी मानतो. तरीही या अहवालानंतर एक गोष्ट नजरेआड करता येत नाही : लीगने मुलींना बाहेर ठेवण्यासाठी वकील उभे केले, पण मुली आत आल्यावर त्यांना जपायचं कसं याची तयारी केलेली नव्हती. अट होती तेव्हा सज्ञान खेळाडूही सुरक्षित नव्हत्या.

ती तयारी मागाहून झाली. पहिला सामूहिक करार २०२२ च्या सुरुवातीला झाला आणि त्यानंतर १८ वर्षांखालील खेळाडूंसाठी स्वतंत्र नियमावली आली. अशा खेळाडूने पालकाबरोबर राहायचं, आणि तिच्या व पालकांच्या संमतीशिवाय क्लबने तिला दुसरीकडे द्यायचं नाही. मार्च २०२३ मध्ये वॉशिंग्टन स्पिरिटने क्लोई रिकेट्सला आणि सॅन डिएगो वेव्हने मेलनी बार्सेनासला घेतलं, दोघी पंधरा वर्षांच्या. जुलै २०२४ मध्ये गॉथम या क्लबने मॅक व्हिटहॅमशी करार केला तेव्हा ती तेरा वर्षांची होती.

मोल्ट्री डिसेंबर २०२३ मध्ये वरिष्ठ राष्ट्रीय संघाकडून पहिल्यांदा खेळली. फेब्रुवारी २०२४ मध्ये गोल्ड कप या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेत डॉमिनिकन रिपब्लिकविरुद्धच्या ५-० विजयात तिने दोन गोल केले, वय १८. जुना नियम असता तर तिच्या व्यावसायिक सामन्यांना त्या सुमारास जेमतेम सुरुवात झाली असती. ऑगस्ट २०२४ मध्ये लीग आणि खेळाडू संघटना यांच्या नव्या करारात महाविद्यालयीन ड्राफ्टच रद्द झाला. आता कोणत्या क्लबकडून खेळायचं हे खेळाडू स्वतः ठरवते, महाविद्यालयातून आलेली असो वा नसो.