दंड भरता आला नाही, म्हणून आत: अमेरिकेतल्या तुरुंगांची पार्श्वभूमी

25 मे 2020 ला मिनियापोलिसमधे पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा जीव गेला आणि लाखो लोक रस्त्यावर आले. आपल्याकडे बऱ्याच जणांनी तो एका माजोरड्या पोलिसाचा विषय समजला, पण तो राग दीडशे वर्षं साचलेला होता, आणि माझ्या मते त्यात पोलिसाच्या दंडुक्याइतकाच कोर्टाच्या पावतीचा वाटा आहे.

सुरुवात 1865 पासून. यादवी युद्ध संपलं, तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी बंद केली, पण त्यातच एक अपवाद ठेवला: गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर चालेल. दक्षिणेतल्या मळेवाल्यांना एवढी फट पुरली. मिसिसिपी राज्याने लगेच कायदा केला की काळ्या माणसाने दर जानेवारीत आपण कामाला आहोत याचा लेखी पुरावा दाखवायचा, कामधंदा नसेल तर 'भटक्या' म्हणून अटक, मग दंड, आणि दंड भरायला पैसे नसतील (कालपरवा गुलामीतून सुटलेल्या माणसाकडे कुठून असणार?) तर जो कोणी तो दंड भरेल त्याच्याकडे राबायचं. जोतीराव फुल्यांनी 1873 मधे 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं, आणि नेमकं त्याच काळात तिकडे राज्य सरकारं कैदी ठेकेदारांना भाड्याने द्यायला लागली होती. म्हणजे पुढचा दरवाजा बंद, मागचा सताड उघडा.

हे चालायचं कसं ते ग्रीन कॉटेनहॅमच्या केसवरून कळतं. 1908, दक्षिणेतलंच अलाबामा राज्य, काळा तरुण, वय 22, गुन्हा काय तर भटकेपणा. शिक्षा 30 दिवस सक्तमजुरी, पण वर कोर्टाचा खर्च, शेरीफची फी वगैरे लावली, ती भरता येईना म्हणून 30 दिवसांचं जवळजवळ वर्ष झालं. कौंटीने (म्हणजे तिथल्या जिल्ह्याने) त्याला कोळशाच्या खाणीत पाठवलं, खाण यूएस स्टील या पोलाद कंपनीच्या उपकंपनीची, ती त्याच्यापोटी कौंटीला महिन्याला 12 डॉलर देणार. वर्ष संपायच्या आत तो तिथेच मेला. अलाबामाने ही पद्धत बंद केली 1928 साली.

मधली वर्षं भराभर सोडतो, कारण कैद्यांच्या संख्येचा खरा फुगवटा 1970 नंतरचा आहे. 1965 मधे लॉस एंजेलिसच्या वॉट्स या काळ्यांच्या वस्तीत दंगल झाली, मग दर उन्हाळ्यात कुठलं ना कुठलं शहर पेटायचं. आपल्या दलित पँथरने 1972 मधे ज्यांच्यावरून नाव घेतलं ते ब्लॅक पँथर 1966 मधे ओकलंडला सुरू झाले तेच मुळी पोलिसांच्या मागे फिरून त्यांच्यावर नजर ठेवायला. ह्या दंगलींची कारणं शोधायला सरकारनेच नेमलेल्या कर्नर कमिशनने 1968 मधे सांगितलं की घरं द्या, नोकऱ्या द्या, शाळा सुधारा. त्याच वर्षी तिकडच्या संसदेने, म्हणजे अमेरिकी काँग्रेसने, कायदा करून पैसा दिला तो पोलीस खात्यांना!

मग सप्टेंबर 1971, न्यूयॉर्क राज्यातला अ‍ॅटिका तुरुंग. आठवड्याला एक आंघोळ, महिन्याला टॉयलेट पेपरचा एक रोल, असल्या हालांना कंटाळून कैद्यांनी तुरुंग ताब्यात घेतला. गव्हर्नर रॉकफेलरने पोलीस घुसवले, एकूण 43 माणसं मेली, त्यात ओलीस ठेवलेले कर्मचारीही होते. दोनच वर्षांनी ह्याच रॉकफेलरने ड्रगचा कायदा आणला, 2 औंस हेरॉइन विकलं तर किमान 15 वर्षं. बाकीच्या राज्यांनी री ओढली. 1986 मधे तर कळस, 5 ग्रॅम क्रॅकला (म्हणजे ओढायच्या स्वस्त कोकेनला) जी 5 वर्षांची शिक्षा तीच पावडर कोकेनला व्हायला 500 ग्रॅम लागायचे. क्रॅकमधे पकडले जायचे ते बहुतेक काळे. आता हेही खरं की त्या काळात गुन्हे खरंच वाढले होते आणि काही काळ्या नेत्यांनीही कडक कायदे मागितले होते, सगळं खापर एका पक्षावर फोडता येत नाही, 1994 चा कडक गुन्हेविषयक कायदा डेमोक्रॅट क्लिंटनचा होता. पण हिशोब बघा: 1970 च्या आसपास राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत 2 लाख कैदी होते, 2009 पर्यंत 16 लाख, आणि लोकल जेल (खटला चालेपर्यंत किंवा छोट्या शिक्षेसाठी ठेवतात ती) धरली तर 20 लाखांच्या बरेच वर. त्या जेलमधले बहुतेक लोक तर दोषी ठरलेलेच नसतात, बरेचसे जामिनाला पैसे नसतात म्हणून आत असतात.

2014 मधे मिझुरी राज्यातल्या फर्ग्युसन गावात मायकल ब्राउन या काळ्या तरुणाला पोलिसाने गोळी घातली, गाव पेटलं, केंद्राच्या न्याय खात्याने चौकशी केली तर कळलं की दंड हे तिथल्या नगरपालिकेच्या कमाईचं मोठं साधन होतं. एका बाईला 2007 मधे चुकीच्या पार्किंगबद्दल 151 डॉलर दंड अधिक फी लागली. तारखा चुकल्या, फी वाढत गेली, सहा दिवस जेल झाली, 550 डॉलर भरून झाले, तरी 2014 च्या शेवटी 541 डॉलर बाकीच! कॉटेनहॅमच्या केसला शंभरहून जास्त वर्षं झाली होती.

तेराव्या दुरुस्तीतला अपवाद अजून तसाच आहे. कोलोराडोने 2018 मधे आपल्या राज्यघटनेतून तसला अपवाद काढला, 2022 मधे खुद्द अलाबामानेही काढला. 2024 मधे कॅलिफोर्नियात कैद्यांची सक्तीची मजुरी बंद करायची का यावर मतदान झालं, आणि एवढ्या पुढारलेल्या म्हणवणाऱ्या राज्यात लोकांनी बंद करायला नको म्हणून सांगितलं.